सहा पॅराशूट आणि एक चादर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घालतो आहे.) तुझं ब्लडप्रेशर आता कसं आहे? भावोजींनी गोड खाणं सोडलं, की फक्त तुझ्यासमोर सोडलं? माझी तब्येत बरी आहे. मन बरं नाही, पण ते पत्रात लिहायचं नसतं म्हणून सोडून देतो.

तुझ्या दोन्ही पत्रांना एकदमच उत्तर देतो. ‘तिथलं आवरून माझ्याकडे राहायला ये’ म्हणतेस, ते जमणार नाही. मी नसलो तर क्लबातली माणसं आकाशातून खाली कशी येतील? (येतील म्हणा, पण जरा घाईने.) आणि भाऊ विमानातून उड्या मारतो असं तू सगळ्यांना सांगत सुटली आहेस, ते आधी थांबव. एकोणीस वर्षांत मी खुर्चीवरूनही उडी मारलेली नाही. मी शेडमधल्या लांब टेबलावर पॅराशूटच्या घड्या घालतो आणि पिशवीच्या चिठ्ठीवर सही करतो. त्या सहीशिवाय कोणी विमानात चढत नाही. यावर तुझी वहिनी म्हणायची, बाहेर एवढं नाव आणि घरात साध्या चादरीची घडी घालता येत नाही. दोन टोकं ती धरायची, दोन मी. ती जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून चादरी कपाटात बोळा होऊन पडतात. घराची घडी बसली का, असं तू विचारतेस. ताई, चादरीची बसत नाही.

तर सोमवारी सहा पॅराशूट झाली, सहा सह्या झाल्या, आणि चष्मा पुसावा म्हणून नाकाला हात लावला तर चष्मा नाही. टेबलाखाली पाहिलं, डब्यात पाहिलं. कुठल्या तरी घडीत गेला असणार. गप्प बसता आलं असतं, पण वर कोणाच्या पाठीवर माझा चष्मा अडकला आणि पॅराशूट उघडलं नाही, तर? प्रशिक्षक बाईंना सांगितलं. त्या ‘उड्डाण बंद’ची पाटी लावून आल्या. सहाही उघडली, चष्मा नाही. तो शेवटचा कधी दिसला हे मला सांगता येईना, म्हणून मांडणीवरची उरलेली तेवीसही काढली. त्यात गुरुवार उजाडला. पायलटने विमान तीनदा धुतलं. साठीनिमित्त उडी मारायला आलेल्या ग्रंथपाल बाईंनी पट्टे चढवले होते; पुन्हा कोण चढवणार म्हणून त्या दिवसभर पट्ट्यांसकट चहा पीत बसल्या. खूश फक्त दातांचे डॉक्टर. (ते तीन वर्षं वर जातात आणि विमानातूनच परत येतात.) मला कोणी चकार शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी घरी चादर बदलायला कपाट उघडलं. बोळ्यांमध्ये एकच चादर नीट घडी केलेली. रविवारी मी ती जमिनीवर पसरून पॅराशूटसारखी, गुडघ्याने हवा काढत घडी केली होती. उघडली आणि चष्मा पडला. क्षणभर आनंद झाला. मग तिथेच खाली बसलो. चष्मा रविवारपासून कपाटात होता. म्हणजे सोमवारी मी चष्म्याशिवाय सहा पॅराशूट घडी केली, सह्या ठोकल्या, आणि मला दिसत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी बाईंना हे सांगितलं.

“सहाही घड्या बिनचूक होत्या, काका,” त्या म्हणाल्या.

“असतील. पण मी पाहिल्या नव्हत्या.”

मी सहीचं पेन टेबलावर ठेवलं, ते त्यांनी खणात टाकलं.

असो. भावोजींना नमस्कार सांग, आणि माझा नकार कायम आहे असं समज.

तुझा,
भाऊ

ता. क. तुमची मागची खोली अजून रिकामी आहे का? सहज विचारतो.

ता. क. शिवणाचं मशीन तिथेच राहू दे, मला अडचण होणार नाही.

ता. क. सामान फार नाही. एक चादर आणतो आहे. संध्याकाळी तिची दोन टोकं धरायला तू मोकळी असतेस ना?