जास्तीचा कोंब

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. इकडे सगळे खुशाल. कॉलेजात तू गर्भाची वाढ शिकवतेस, म्हणून तुलाच विचारते. चिमणीला नववं लागलं, तरी कपडे ओले होतात. वेळच्या वेळी जाऊन येते, आणि थोड्या वेळात पुन्हा ओल. डॉक्टर म्हणाले, सवय आहे, शिस्त लावा. सासूबाईंचं म्हणणं, ती पोटात असताना मी दिवसभर शिवणयंत्रावर वाकून बसायचे, त्याचं हे फळ. ते मनाला फार लागलंय. शाळेच्या सहलीला चिमणी पोट दुखतं म्हणून गेली नाही. दुखत नव्हतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.
लोभ आहेच, पत्रातून तो पोचत राहो.
तुझी धाकटी

१० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. पत्र वाचता वाचता चहा गार झाला. अगं, पोर नीट जाऊन येते आणि तरीही सतत पाझरतं, म्हणजे ही सवय नव्हे. पाचव्या आठवड्यात, गर्भ तुरीच्या दाण्याएवढा असताना, एका नळीला कोंब फुटतो. तो वर जाऊन मूत्रपिंडाला भिडतो आणि त्याचीच मूत्रवाहिनी होते. क्वचित दोन कोंब फुटतात. मग एक वाहिनी मूत्राशयात उघडते, दुसरीचं तोंड मूत्राशयाच्या खाली भलतीकडेच, म्हणून ती सतत गळते. मला तसंच वाटतंय, पण तपासल्याशिवाय खात्री नाही. तेव्हा तुला दिवस गेल्याची जेमतेम कुणकुण लागली असेल, वाकण्याचा संबंध येतोच कुठे? तिला घेऊन ये. इथले सर्जन माझे जुने स्नेही आहेत. सासूबाईंनाही आण.
चिमणीला पापा, तुला माया.
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. तुझं बोट नेमकं दुखण्यावर पडलं. सर्जननी ती वाहिनी मूत्राशयाला जोडून दिली, आणि चिमणी आता कोरडी असते. हे एवढंसं वाक्य लिहायला मी इतकी वर्षं थांबले गं. यात आईचा काही दोष नसतो, हे त्यांनी सासूबाईंना चित्र काढून समजावलं. घरी आल्यावर माझ्या शिवणयंत्राला त्यांनीच तेल घातलं. तुझे उपकार मानले तर रागावशील, म्हणून मनातच ठेवते.
काल बाजारात माझा हात सवयीने चिमणीच्या फ्रॉकच्या मागे गेला. तिने तो धरला आणि म्हणाली, आई, आता बघायचं नाही. मग घरापर्यंत तिने तो सोडलाच नाही.
आम्हा मायलेकींवर अशीच सावली असू दे.
तुझी धाकटी