पुष्पाच्या मनगटांवरचे डाग

यावल, ९ मार्च २०२५

आदरणीय योगराज आबांना सुकदेवचा नमस्कार.

घरी सगळे बरे असतील. लेक भूमिका सासरी रुळली असेल. इकडे केळीची कापणी चालू आहे, ऊनही वाढलं आहे.

येत्या रविवारी पुष्पाचं उत्तरकार्य, गंधमुक्त आहे. अंत्ययात्रेला तुम्ही आलात, बहिणीचे हात पाहिलेत आणि माझ्याशी न बोलता पाचोऱ्याला परत गेलात. म्हणून लिहितो आहे.

तिला लिव्हरचा सिरोसिस होता. जुन्या काविळीचा विषाणू अंगात राहून गेला होता. रक्त गोठायला जे लागतं ते लिव्हरच तयार करतं, तेच कमी पडतंय, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. जरा दाबलं तरी कातडीखाली रक्त उतरायचं. दात घासले की हिरड्या वाहायच्या. ती हसून म्हणायची, "माझं रक्त माझ्यासारखंच. एकदा निघालं की कोणाचं ऐकत नाही."

तुम्हाला तिने कळवू दिलं नाही. लिव्हर म्हटलं की लोक आधी दारूचं विचारतात. आणि भूमिकाचं लग्न तोंडावर होतं.

लग्नात कासारीण आली तेव्हा मी पुष्पाला नको म्हणून खुणावलं. "नवरीची आत्याच बांगड्या भरणार नाही का?" म्हणत तिने हात पुढे केला. बांगड्या घट्ट होत्या. कासारणीने पंजा दाबून दाबून चढवल्या. सकाळी दोन्ही मनगटं काळीनिळी.

भर मांडवात तुम्ही मला विचारलंत, "हाई काय शे, पाव्हणं?"

तीच म्हणाली, "दादा, बांगड्या भरताना झालं."

"बांगड्या भरीसन हात काया व्हस का?"

मी आजाराचं नाव काढलं नाही. तिला शब्द दिला होता.

शेवटी रक्ताची उलटी झाली, ती थांबली नाही. दवाखान्यात जिथे जिथे सुई टोचली, तिथे डाग उठले. तुम्ही पाहिलेत ते तेच.

माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या. पण आबा, गेल्या वर्षी, आजारी असतानाच, आमच्या गल्लीत बायकोवर हात उचलणाऱ्या एकाला तिने कॉलर धरून चौकात आणलं होतं. तो माफी मागेपर्यंत सोडलं नाही. तुमची बहीण मार खाऊन गप्प बसली असेल, असं तुम्हाला वाटलंच कसं?

रविवारी या. ती मुकाट मार खाणारी बाई नव्हती, एवढं चारचौघांत तुमच्या तोंडून निघू द्या.

पुष्पाचा नवरा,
सुकदेव