गरम झालेली लस

अण्णा, आज मी प्रयोगशाळेतून आले आणि चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिले. दमले आहे. इतकी वर्षं एकाच विषाणूच्या मागे लागल्यावर माणूस दमतोच, त्यात नवल नाही. मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुमच्या त्या गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचं कवच कसं जुळतं, एवढंच मी बघते. त्याला कुणी कारागीर लागत नाही. प्रथिनाचे तुकडे एकमेकांजवळ आले की आपापल्या आकारानं अडकतात, पाच-पाचांचे पुंजके होतात, आणि असे बारा पुंजके जुळले की एक गोल पेटी तयार. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर मला दुसरं काही सुचलं नव्हतं. आता त्याच पेटीच्या चित्रांसमोर बसून जांभया देते.

नव्वदनंतरची ती वर्षं. तुम्ही सोनईकडच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारे, पण वस्त्यांवरच्या लोकांना तुम्हीच डॉक्टर. सकाळी सायकलच्या कॅरिअरला थर्मास बांधताय, त्यात बर्फ, बर्फात लसीच्या बाटल्या. मी जवळ आले की खेकसताय, "लांब हो, ऊन लागतं तिला." त्या उन्हाळ्यात तुम्ही टोचलेल्या गाईसुद्धा लाळ गाळायला लागल्या, लंगडायला लागल्या. शेवटच्या वस्तीवरची काकू, एकटी बाई, दोन गाईंच्या दुधावर घर चालवणारी, आपल्या दारात येऊन उभी राहिली. "डाक्टर, तुमी सुई टोचली अन् माझं वासरू गेलं. गाय आटली. आता मी खाऊ काय?" तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "माजंच चुकलं, काकू." मला तुमचा राग आला, अण्णा. भांडायचं तरी होतं. उलट तुम्ही रोज पहाटे तिच्याकडे जाऊन गाईचं तोंड तुरटीच्या पाण्यानं धुवायचात.

मग चौकशी लागली. आई म्हणाली, "लाईट नव्हती, फ्रीज बंद हुता, असं लिहून द्या. कोन बघायला येतंय?" तुम्ही म्हणालात, "फ्रीज चालू हुता." आणि बर्फ पुरला नाही, चूक माझी, असं लेखी देऊन मोकळे झालात. बढती गेली ती गेलीच. तुमची सायकल दिसली की लोक जनावरं घराच्या मागं नेऊन बांधायचे. तुमची चूक नव्हती हे कधीतरी सगळ्यांपुढं मांडायचं, एवढ्या एका हट्टावर मी शिकले.

आणि शिकल्यावर काय कळलं, सांगू? लसीतला विषाणू मेलेला असतो, पण कवच अख्खं लागतं. गाईचं शरीर त्या अख्ख्या आकारालाच ओळखून तयार होतं. जिवंत विषाणूला पेशीत शिरल्यावर उघडावं लागतं, म्हणून त्याचे सांधे मुळातच सैल. जरा ऊब मिळाली की पेटीचे पुन्हा बारा तुकडे. बाटलीतलं औषध तसंच दिसतं, सुई तशीच टोचली जाते, उपयोग मात्र काही नाही. हे वाचलं तेव्हा मला बर्फ नाही, तुम्ही ओट्यावर बसलेले दिसलात. थर्मास सायकलवर उन्हात, सील फोडलेली बाटली सदऱ्याच्या खिशात, हातात कपबशी. प्रत्येक वस्तीवर चहा. "डाक्टर, बसा, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई." तुमच्या वडिलांना त्याच ओट्यांच्या खाली, लांब उभं राहावं लागायचं. वरून ओंजळीत पाणी मिळायचं. तुम्हाला कपबशी मिळत होती, घरातली, त्यांच्या माणसांची. तिला तुम्ही नाही कसं म्हणणार होतात? शेवटच्या वस्तीवर पोचेस्तोवर पार दुपार व्हायची. त्या उन्हाळ्यानंतर तुम्ही कुणाकडेच चहा घेतला नाहीत. लोक म्हणाले, डॉक्टरला माज आला. तुम्हाला विज्ञानातलं कळलं नसेल, पण चुकलं कुठं ते कळलं होतं. आणि तुम्ही चहाचं नाव कुणाजवळ काढलं नाहीत.

मागच्या दिवाळीत काकूकडे गेले होते. फार थकली आहे, डोळ्यांना दिसत नाही. माझा हात चाचपत म्हणाली, "तू लई शिकलीस म्हनत्यात. मग सांग की, डाक्टरचं काय चुकलं हुतं?" इतकी वर्षं याच प्रश्नासाठी घासली, अण्णा, आणि उत्तर तोंडाशी आलं होतं. पण तिनं आणि तिच्यासारख्या सगळ्यांनी तुम्हाला ओट्यावर बसवलं म्हणून तिचं वासरू गेलं, हे मी त्या म्हातारीला कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणाले, "काही नाही चुकलं, काकू. लाईट नव्हती. फ्रीज बंद होता." ती रडायला लागली. "मंग मी उगंच बोलले त्या देवमानसाला," म्हणाली.

तुम्ही नोकरीवर बेतलं तरी जे लिहून दिलं नाहीत, ते मी बोलून आले. आणि ते बोलल्यावर मला बरं वाटलं, अण्णा.