बुजवलेली भोकं

धाकट्या,

झाडं तपासणारे साहेब अकरा वाजता येतील. मीच बोलावलंय. मागच्या दारचं झाड अवेळी पानं गाळायला लागलं, मला वाटलं कीड लागली. आज सकाळी बुंध्याशी बसून पाहिलं, तर मुळालगत चार भोकं. आत तण मारायचं औषध ओतून वर भुसा आणि सरस भरून घासलंय. हात फिरवल्याशिवाय कळत नाही. इतकं सफाईदार काम या गल्लीत दोनच सुतारांना जमतं, आणि मी काही ते केलेलं नाही.

तुझ्या खोलीसाठी झाड तोडायची परवानगी पालिकेने नाकारली, तेव्हा तू नुसतं "असू दे" म्हणालास. तिथेच मला कळायला हवं होतं.

नर्सरीवाल्याकडे जातोय, काही उपाय असला तर बघतो. तोवर बुंध्याशी पाणी सोडून ठेव. भोकं पाडायचं गिरमिट पुसून तुझ्या पेटीत ठेवलंय. चहा गरम करून घे.

साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांग. भोकं बुजवायला तुला मीच शिकवलं, त्यामुळे ते अगदीच खोटं होणार नाही.

बाबा