तीन नंबरचा ओव्हर

३ नोव्हेंबर, सोमवार
शेवगावच्या ट्रस्ट हॉस्पिटलात आज स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले. सकाळी आठ ते दोन, दोन नंबरचा वॉर्ड. गेल्या महिन्यात ट्रस्टने कारभार पुण्याच्या एका कंपनीकडे दिला, त्यामुळे सगळीकडे नव्या रंगाचा वास आहे आणि जुने लोक तोंड पाडून फिरतायत. मेट्रन पंकजा मॅडमनी हातात नवाकोरा टॅब दिला. नव्याचे नऊ दिवस, पण मजा वाटली.
एसटी स्टँडमागे खोलीही मिळाली. धनश्री आईकडे पाथर्डीला आहे. सोळा तारखेला आई-दादा ऊसतोडीला निघतील, त्याआधी तिला घेऊन यायचं. सहा वर्षांची पोर फडात न्यायची नाही, हे मी ठरवून टाकलंय.

५ नोव्हेंबर
ड्युटी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरच्या हवाली करायचे, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. इथली पद्धत वेगळी होती, साळूबाई मावशींनी फरशी पुसता पुसता सांगितली. जाणारी सिस्टर प्रत्येक खाटेवरच्या पेशंटचा हात येणारीच्या हातात द्यायची. येणारीनं ‘घेतला’ म्हणायचं. ती म्हणेपर्यंत पहिलीनं जायचं नाही, घरी काहीही झालेलं असो. कंपनीनं ते बंद केलं, वेळ जातो म्हणून. आता टॅबवर बोट लावलं की झालं.
मला टॅबच बरा वाटला. मावशींना तसं म्हणाले नाही.

८ नोव्हेंबर
तीन नंबरचा वॉर्ड आमच्यात विलीन केलाय, टॅबवर तो दिसतच नाही. सलाईनचा स्टँड आणायला म्हणून वर गेले, तर अकरा रिकाम्या खाटा आणि मधे एक वयस्कर सिस्टर उभी, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. नाव बनुबाई. म्हणाल्या, “आलीस का बाई? लई वाट बघितली. दिवाळी बी हितंच गेली. कुनी ओव्हरच घेईना.”
नोकरी गेल्यानं डोक्यावर परिणाम झाला असावा असं वाटलं. वाईट वाटलं. म्हातारीच्या समाधानासाठी खाटेखाटेपाशी गेले. त्या हवेतला हात उचलून माझ्या हातात द्यायच्या, मी ‘घेतला’ म्हणायचे. अकरा वेळा. अकराव्याला माझी बोटं कुणीतरी आवळली.
बनुबाई जिना उतरून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

९ नोव्हेंबर
मावशींना विचारलं. बनुबाईंची जागा सोळा ऑक्टोबरला रद्द झाली, वॉर्डासकट. त्या दिवसापासून त्या घरी गेल्याच नव्हत्या. मुलगा दोनदा विचारून गेला. तीन नंबरमध्ये रोज माणसं सामान काढायला जात होती, कुणालाच त्या दिसल्या नाहीत.
काल दुपारी घरी पोचल्या म्हणे. तेव्हापासून झोपल्यात.

१० नोव्हेंबर
हजेरीचं मशीन अंगठा घेत नाही. टॅबवर माझं नाव नाही. पंकजा मॅडमना सांगितलं, त्या फाईल वाचत राहिल्या.

११ नोव्हेंबर
मावशींनी माझ्या पायांवरून फडकं फिरवलं. फरशीसारखं. मी हाक मारली. दोनदा.

१२ नोव्हेंबर
पाय आपोआप वर जातात. खाटांवर आता वजन आहे. चादरी दबलेल्या, दिसत कुणी नाही. हात मात्र लागतात. थंड, सुरकुतलेले, एक लहान. नाडी मोजते. लिहून ठेवते.
भीती वाटायला हवी. वाटत नाही. अंगात काहीच वाटत नाही.

१४ नोव्हेंबर
फाटकाबाहेर पाऊल टाकलं. पाऊल पडलं ते पहिल्या खाटेपाशी.
पुन्हा टाकलं —
पुन्हा पहिली खाट.

१५ नोव्हेंबर
आईचा फोन. मी बोलतेय, बोलतेय. तिला ऐकू जात नाही. तिचं मला ऐकू येतं. धनश्रीला म्हणाली, “तुझी आय बोलंना गं. उद्या दुपारी टॅक्टर निघायचा, चल आमच्यासंगं.”
पोर रडली नाही. “माझं पांघरूण घेऊ का?” एवढंच विचारलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
साडेबारा. ट्रॅक्टर दोनला. एसटीनं तासाभरात पाथर्डी.
जिन्यावर चपला वाजल्या. एक पोरगी, मोनिका, कालच रुजू झाली. सलाईनचा स्टँड न्यायला आली. तिनं मला पाहिलं. मला. सिस्टर, चेहरा किती उतरलाय, म्हणाली. चहा आणायला खाली गेलीय. जाताना सांगितलं, घरी सहा महिन्यांचं बाळ आहे, दोनला सुटल्या सुटल्या दूध पाजायला पोचायचं असतं.
तिला सांगणार आहे. चहा ठेव आणि पळ. एवढंच सांगायचं —
धनश्रीला पांघरूण मिळालं का —
अकराही हात चादरीबाहेर आलेत. वाट बघतायत.
चपला. ती येतेय. पळ म्हणायला तोंड उघडलं, तर ओठांवर आलं, आलीस का बाई —
पहिल्या खाटेवरचा हात मी उचललाय. तिनं कप खाली ठेवला. हसली. हात पुढे केला आणि