पाणी द्यायला कोण उठतं

अण्णा, पाणी द्यायला कोण उठतं एवढ्यावरून अख्खं घर ओळखता येतं का? मला याचं उत्तर येत नाही. तुम्हाला येत होतं, निदान तुम्ही तसं दाखवत होता. आत्यासाठी बेंबळीचं स्थळ बघायला गेलात, तेव्हा एसटीत मी तुमच्या मांडीवर होते. तिथं टेकल्या टेकल्या तुम्ही पाणी मागितलं. नवरा मुलगा खुर्चीवर, माठ त्याच्या शेजारी, आणि पाणी द्यायला मागच्या अंगणातून पदराला हात पुसत आली त्याची पोटुशी भावजय. परतताना नळदुर्ग जवळ आल्यावर एवढंच म्हणालात, "माठ त्याच्या कोपराला लागत होता, बाळ." स्थळ मोडलं. मग लोहारा गावच्या मुलानं स्वतः उठून तांब्या भरून दिला आणि तुम्ही तिथंच सुपारी फोडायला निघालात. पुढं त्याच माणसाला प्यायची सवय लागली. आत्या अजून मला ऐकवते, "तुझ्या बापानं पाणी बघितलं, दारू न्हाय बघितली."

आता माझ्यासाठी स्थळं येतात. हे धाराशिवचं होतं. मुलगा इंजिनिअर, आईवडील, थोरला भाऊ आणि भावजय, असं फ्लॅटमधलं घर. त्यांचा निरोप आला की बघण्याचा कार्यक्रम तुमच्या घरी नको, आमच्याही नको; शहरात नवीन इटालियन हॉटेल उघडलंय, तिथं पिझ्झा खाऊ. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस, पोह्यांचा ट्रे धरून उभं राहणं वाचलं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. मुलगी म्हणजे दुकानातली वस्तू नाही, हे मी वर्गात मुलींना किती तळमळीनं सांगते. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दोन्हीकडचा उंबरा टाळून ही माणसं काय झाकतायत?

हॉटेलात शिरल्यावर तर प्रत्येक गोष्टीचा संशय यायला लागला. छतावरून प्लॅस्टिकचे द्राक्षवेल सोडलेले. भिंतीत विटांची मोठी भट्टी, आत लाल दिवा. पिझ्झा मात्र मागच्या दारातून येत होता. तुम्ही ढाब्यावर रोट्या भाजायचात, भट्टीच्या जाळानं तुमच्या हातांवर केस कधी राहिले नाहीत, ते मामाच्या लक्षात होतं. तो आईच्या कानाशी लागला, "ताई, भट्टीत जाळच न्हाय. दाजी असते तर उठून गेले असते." पिझ्झ्यावर टाकायची ओरेगॅनोची पुडी फोडून त्यानं हुंगली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा तर ओवा हाय की!" मुलगा हसला, पण टिंगल म्हणून नाही.

आईनं धपाट्यांचा डबा आणला होता. पहिल्या भेटीला आपल्या घरचं काहीतरी पाहुण्यांच्या तोंडात पडलं पाहिजे, हा तिचा नेम. डबा उघडताच वेटर धावत आला, "मावशी, बाहेरचं खायला परवानगी नाही."

"बाहेरचं न्हाय रे बाबा, घरचं हाय."

मुलाच्या आईनं डबा घाईनं झाकून आपल्या पिशवीत ठेवला. त्याआधी मुलानं एक धपाटं उचललं होतं. ते टेबलाखाली मोडून तो चोरून खात होता आणि माझ्याकडं बघून भुवया उडवत होता.

त्याची आई म्हणाली, "आमच्यात सुनेच्या नोकरीला कुणाची ना नाही बरं का." घरातली पहिली पदवी माझी आणि शाळेवर माझा जीव किती, ते तुम्हाला काय सांगायचं. नेमकं हेच ऐकायला मी आले होते. आईनं विचारलं, "थोरल्या सूनबाई दिसत नाहीत?"

"ती माहेरी गेलीय."

तेव्हा माझ्याही नकळत मी पाणी मागितलं. वेटर उठला आणि सीलबंद बाटली ठेवून गेला. अण्णा, जिथं पाणी द्यायला पगारी माणूस आहे, तिथं बाकीची माणसं कळणार कशी?

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी डब्याचं निमित्त करून, न कळवता, त्यांच्या फ्लॅटवर गेले. आईलाही बोलले नाही. दार मुलानंच उघडलं. त्याला खरंच आनंद झाला. "सांगितलं असतंत तर स्टँडवर घ्यायला आलो असतो," म्हणत तो सोफ्यावर बसला. मी पाणी मागितलं. फिल्टर सोफ्याशेजारच्या भिंतीवर, त्याच्या हाताशी. ग्लासही तिथंच पालथे. त्यानं मानही न वळवता हाक मारली, "वहिनी, पाणी!" गॅलरीत कपडे वाळत घालणारी, ओल्या हातांची वहिनी आली. तीच, जी माहेरी गेली होती.

डबा द्यायला ती दारापर्यंत आली. "धपाटी म्याच खाल्ली. लई दिवसांनी असली चव लागली."

"तुम्ही माहेरी होतात ना?"

"कोण म्हणलं? दिवाळीपासून गेले न्हाय." मग तिला काय ते कळलं असावं. आवाज उतरवून म्हणाली, "मीबी बीएड हाय. सासूबाई खोटं बोलत न्हाईत, नोकरीला हितं कुणीच ना म्हणलं न्हाय. नाष्टा, सगळ्यांचे डबे, मामंजींचं पथ्याचं, हे उरकून निघायचं. रोज उशीर. शेवटी शाळेनंच ना म्हणलं." आणि ती हसली. रिकामा डबा कसा परत द्यायचा, म्हणून आत जाऊन तिनं त्यात मूठभर साखर घातली.

स्टँडवरून मी त्यालाच फोन केला. मामाकरवी निरोप धाडून "पत्रिका जुळत नाही" म्हणता आलं असतं, पण तसलं खोटं मला नको होतं. मी नाही म्हणाले. त्यानं विचारलं, "माझं काय चुकलं?"

"तुम्ही उठला नाहीत."

 मग तो अगदी मनापासून म्हणाला, "कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं, अण्णा. अशा माणसाला वाईट म्हणायचं का? लोहाऱ्याचा माणूस तर उठला होता. तुम्ही बरोबर होता की आत्या, हे मला अजून ठरवता येत नाही. आईनं आत्ताच विचारलं, काय लिहीत बसलीस; पाठाचं टाचण काढतेय म्हणाले. हा कागद टाचणवहीतच राहील. टेबलाखाली धपाटं मोडताना तो मला आवडला होता, आणि तो जाळ नसलेल्या भट्टीचा पिझ्झाही, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. नकार मात्र देऊन झालाय, माझ्याच तोंडानं.