टाचा घासू नका

आत्याबाई,

मोठ्या अक्षरात लिहिलंय, चष्मा लावून वाचा. एस्तरला सिरसाळ्याच्या दवाखान्यात दाखवायला नेतेय. तिचं अंग सकाळी कोमट लागलं. तुम्ही "काई न्हाई गं, दात येत असतील" म्हणालात, तरी माझा जीव राहीना. भाकरी टोपल्यात आहेत, जेवून घ्या.

तिथून आम्ही परस्पर चर्चला जाऊ. आज पाय धुण्याचा गुरुवार, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो. मागच्या वर्षी पाळकसाहेबांच्या हातात असले पाय कसे द्यायचे म्हणून तुम्ही घरीच रक्त येईस्तोवर टाचा घासल्या, आणि तिथं लाजून पाय पदराखाली घेऊन मागं बसलात. म्हणून वजरी मी पिशवीत घालून नेतेय, शोधू नका.

यंदा बायकांचे पाय बायकाच धुणार आहेत. तुमच्यासाठी मी माझं नाव दिलंय. मी बी.ए.ला बसावं म्हणून तीन हंगाम माझ्या वाटणीचा ऊस तुम्ही तोडलात, टाचांच्या त्या भेगा उसाच्या फडातल्याच आहेत. प्रभूचे आभार मानायला डोळे मिटले की मला तुमचेच पाय दिसतात. तोंडावर कधी बोलता आलं नाही.

प्रभूनं शिष्यांना आधी पाय घासून या म्हटलं नव्हतं. डाव्या पायाची चिंधी लुगड्याखाली लपवलीत, तरी मी पाहिलीय. ती सोडू नका, मीच सोडीन.

पाचला या. नाही आलात तर परात घेऊन घरी येईन आणि अख्ख्या गल्लीसमोर धुईन.

तुमची,
उज्ज्वला